‘अपडेट येत नाही’ : जुन्या मोबाइलच्या कार्यप्रणालीचा प्रश्न

मोबाइल फोनविषयी बोलताना दोन वाक्ये आता मराठीत चांगलीच रूढ झाली आहेत. भंडारा जिल्ह्यातील एखाद्या अंगणवाडीत, तलाठी कार्यालयाच्या ओसरीवर किंवा तुमसरच्या बाजारात ती सहज कानी पडतील. ‘ॲप अपडेट मागते’ हे पहिले वाक्य आणि ‘ह्या फोनला आता अपडेट येत नाही’ हे दुसरे. ‘अपडेट’ ह्या शब्दाचे लिंग मराठीत अद्यापि स्थिरावलेले नाही; ‘अपडेट आला’ आणि ‘अपडेट आले’ असे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. त्याचे क्रियापद मात्र पक्के झाले आहे. अपडेट ‘येते’.

ह्या ‘येणे’ क्रियापदाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. ‘पाऊस येत नाही’ ह्या वाक्यात पाठवणारा कोणी नाही. तेथे कर्ता दडला आहे असे म्हणण्याचे कारण नाही. उलट ‘नळाला पाणी येत नाही’ ह्या वाक्याची घडण पाहावी. पाणी आपण होऊन येत नसते. नगरपरिषद ते सोडते, किंवा सोडत नाही, आणि हे बोलणाऱ्यालाही पुरते ठाऊक असते. व्याकरणाने कर्ता गाळला तरी व्यवहाराने तो गाळलेला नसतो. म्हणून तर घागरी घेऊन मोर्चा नेमका कोठे न्यावयाचा हे लोकांना कळते. ‘फोनला अपडेट येत नाही’ हे वाक्य रचनेने तंतोतंत नळाच्या वाक्यासारखे आहे. ‘नळाला’ व ‘फोनला’ ह्यांतील विभक्तीसुद्धा एकच. परंतु ते उच्चारले जाते पावसाच्या वाक्यासारखे. फोन जुना झाला, आता येणार नाही, एवढ्यावर विषय संपतो. जुन्या फोनला कार्यप्रणालीची अपडेटे मिळत राहतात काय, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ह्या वाक्याचा गाळलेला कर्ता शोधणे भाग आहे.

त्याआधी शब्दाच्या अर्थाचा गुंता सोडवला पाहिजे. ‘अपडेट’ ह्या एकाच शब्दाखाली बोलीत तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात. पहिली, एखाद्या ॲपची नवी आवृत्ती. ती प्ले स्टोअरमधून येते आणि ती धाडणारा त्या ॲपचा निर्माता असतो. दुसरी, फोनच्या मूळ कार्यप्रणालीची, म्हणजे ज्यास सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिची, नवी आवृत्ती. अँड्रॉइड १२ च्या जागी अँड्रॉइड १३ येणे हे ह्याचे उदाहरण. तिसरी, त्याच आवृत्तीतील छिद्रे बुजवणारी सुरक्षा-दुरुस्ती. जुन्या फोनला पहिल्या प्रकारचे अपडेट पुष्कळ वर्षे येत राहते, दुसरे सर्वांत आधी थांबते आणि तिसरे त्यानंतर काही काळाने. ‘कालच तर अपडेट केला’ असे म्हणणाऱ्याच्या फोनवर सुरक्षा-दुरुस्तीची तारीख चार वर्षांपूर्वीची असू शकते, आणि त्याचे विधानही खोटे नसते. ही तारीख बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंग्जमध्ये, फोनविषयीच्या पानावर, आवृत्तीच्या क्रमांकाजवळ नोंदलेली असते. फोनचे खरे वय पाहावयाचे तर खरेदीच्या पावतीपेक्षा हीच नोंद अधिक विश्वसनीय होय.

आता पाठवणाऱ्यांकडे वळू. अँड्रॉइडच्या बाबतीत पाठवणारा एक नसून त्यांची साखळी आहे. गूगल कंपनी कार्यप्रणालीची नवी आवृत्ती सिद्ध करून तिची मूळ संहिता खुली करते. परंतु फोनमधील चिप क्वालकॉम, मीडियाटेक ह्यांसारख्या कंपन्यांची असते, आणि त्या विशिष्ट चिपला नव्या आवृत्तीशी बोलता यावे म्हणून लागणारा जोडभाग त्यांनीच पुरवावा लागतो. त्यांनी जुन्या चिपकडे पाठ फिरवली की पुढचे काम जवळजवळ अशक्य होते. त्यानंतर फोनच्या निर्मात्याने स्वतःचे पडदे, कॅमेरा व इतर सामग्री नव्या आवृत्तीत बसवून, प्रत्येक नमुन्यावर तपासून, ती प्रत स्वतःच्या अंकीय स्वाक्षरीने मुद्रांकित करून धाडावयाची असते. ही स्वाक्षरी नसलेली प्रत फोन सामान्यतः स्वीकारीत नाही. त्यामुळे अँड्रॉइडची संहिता जगाला खुली असली तरी फोनच्या मालकाला ती स्वतःच्या फोनमध्ये सहजासहजी घालता येत नाही. लिनिएजओएससारखे स्वयंसेवी प्रकल्प काही जुन्या नमुन्यांसाठी नवी प्रत तयार करतात; पण त्यासाठी फोनचे मूळ कुलूप उघडावे लागते, आणि उघडलेला फोन बँकांची कित्येक ॲप्स नाकारतात.

ह्या साखळीतील प्रत्येक कडीचा खर्च फोन विकून झाल्यानंतर येतो, आणि तो भरून काढणारी नवी विक्री त्या जुन्या फोनमधून व्हावयाची नसते. सात-आठ हजारांच्या फोनवरील नफा मुळातच बेताचा असल्याने तेथे हा खर्च प्रथम छाटला जातो. फोन खरेच चालेनासा झाला म्हणून अपडेट थांबते ही समजूत त्यामुळे अर्धवटच खरी आहे. स्मृती अपुरी पडणे, चिप मंद ठरणे ही कारणे असतात. परंतु ज्या फोनवर स्वयंसेवक नवी आवृत्ती चालवून दाखवतात, त्याच फोनला निर्मात्याचे अपडेट आलेले नसते, ह्याचा अर्थ उघड आहे.

गूगलने ही साखळी आखूड करण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. १५ सप्टेंबर २०१४ रोजी भारतातच ‘अँड्रॉइड वन’ ही योजना सुरू झाली. मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस ह्या तीन कंपन्यांचे स्वस्त फोन तीत होते, आणि त्यांची अपडेटे गूगलच्या देखरेखीखाली येतील असे आश्वासन होते. ऑगस्ट २०१५ पासून सुरक्षा-दुरुस्त्यांचे मासिक पत्रक निघू लागले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये चिपचा जोडभाग मूळ कार्यप्रणालीपासून वेगळा काढण्यात आला, जेणेकरून एक बदलताना दुसऱ्याला हात लावावा लागू नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून कार्यप्रणालीचे काही अंतर्भाग प्ले स्टोअरच्या मार्गानेच परस्पर बदलता येऊ लागले. ह्या सुधारणांचा लाभ त्या त्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनांना झाला. त्याआधीच्या फोनांना तो व्हावा अशी ज्यांची गरज सर्वांत मोठी होती, ते मात्र बाहेरच राहिले.

आयफोनची गोष्ट निराळी आहे. तेथे चिप, फोन आणि कार्यप्रणाली एकाच कंपनीची असल्याने गाळलेला कर्ता शोधावा लागत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये निघालेल्या आयफोन ५ एसला मोठ्या आवृत्त्या आयओएस १२ पर्यंत मिळाल्या, आणि सुरक्षा-दुरुस्ती तर २०२३ च्या जानेवारीतही मिळाली. अँड्रॉइडच्या जगात ह्या दर्जाचे आश्वासन फार उशिरा आले : ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांची मुदत जाहीर केली. हे दोन्ही महाग फोन होत. शिवाय अशी मुदत साधारणतः नमुना बाजारात आल्यापासून मोजली जाते, गिऱ्हाइकाने तो विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षे जुना नमुना सवलतीत घेणारा मुदतीची दोन वर्षे आधीच खर्ची घालून बसलेला असतो. कुटुंबात फोन वरून खाली उतरत जातो. नागपूर-पुण्यात नोकरी करणारा मुलगा नवा घेतो, त्याचा जुना गावी वडिलांकडे येतो. जिल्ह्याच्या ठिकाणापासून जितके आत जावे तितके संपलेल्या मुदतीचे फोन अधिक भेटावेत, ह्यात आश्चर्य नाही.

मुदत संपलेला फोन लगेच मरत नाही. फोन करणे, छायाचित्रे काढणे, हे सर्व पूर्ववत चालते. प्ले स्टोअरची मूळ सेवाही दीर्घकाळ पुरवली जाते. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ साठी ती ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी थांबवण्यात आली. ऱ्हास हळूहळू आणि आडवाटेने होतो. सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटवणारी मूळ प्रमाणपत्रे कार्यप्रणालीच्या पोटात असतात, हे त्याचे एक शिकवणारे उदाहरण. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगातील असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते. तिचा आधार असलेले जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी कालबाह्य झाले, आणि तिचे नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या फोनांना ओळखीचेच नव्हते. संस्थेने तांत्रिक तोड काढून आणखी तीन वर्षे निभावून नेली. एरवी फोन धड, इंटरनेट धड, आणि पान मात्र उघडत नाही, असा प्रसंग ओढवला असता, व मालकाने दोष दिला असता नेटवर्कला.

येथवरची हकीकत कोणत्याही भाषेच्या वापरकर्त्याला सारखीच लागू आहे. मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला तिचा एक जादा भाग येतो, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकास तोच अधिक महत्त्वाचा वाटावा.

इंग्रजी लिपी फोनमध्ये पहिल्या दिवसापासून परिपूर्ण होती. तिला अपडेटची वाट पाहावी लागली नाही. देवनागरी मात्र अपडेटांच्या वाटेने, टप्प्याटप्प्याने आली. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांपैकी अनेकांवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. काहींवर अक्षरे दिसत पण ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या पुढे न जाता मागेच राही, आणि जोडाक्षरे हलन्तासह फुटून पडत. अक्षरांचा ठसा आणि अक्षरे जुळवण्याचे यंत्र ह्या दोन्ही गोष्टी कार्यप्रणालीत असल्यामुळे ॲप कितीही नवे घातले तरी हा दोष जात नसे. अँड्रॉइडच्या मूळ भाषासूचीत मराठीचा समावेश २०१४ च्या ५.० ह्या आवृत्तीत झाला. ज्याचा फोन त्याआधीच्या आवृत्तीवर थांबला, त्याला मराठी मिळणे न मिळणे निर्मात्याच्या मर्जीवर होते.

ह्याहून सूक्ष्म उदाहरण ‘ॲ’ ह्या अक्षराचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ ह्यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. त्याच्या वर्षभर आधी, २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत ‘ॲ’ ला स्वतंत्र संकेतांक मिळाला होता. परंतु संकेतांक मिळणे आणि तो प्रत्येकाच्या फोनवर उमटणे ह्यांत अपडेटांची सारी साखळी आडवी आहे. दरम्यान लोकांनी थांबावे तरी किती? कोणी ‘अ’ वर चंद्र जोडून काम भागवले, कोणी हिंदीच्या कळफलकावरील ‘ऍ’ वापरले. डोळ्यांना हे तिन्ही प्रकार सारखेच वाटतात, निदान वाचणारा अडखळत नाही. यंत्राला मात्र ते तीन भिन्न संकेत आहेत, आणि ते आपण होऊन एक मानले जात नाहीत. ‘ॲलिस’ हे नाव एका फोनवर एका संकेताने नोंदले आणि दुसऱ्या फोनवर दुसऱ्या संकेताने शोधले, तर नोंद असूनही सापडत नाही. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ ह्यांतील अर्ध्या ‘र’ चीही अशीच दोन लेखने यंत्रात प्रचलित आहेत. जुने फोन म्हणजे ह्या दृष्टीने जुन्या हस्तलिखितांसारखे : प्रत्येकात त्याच्या काळाचे लेखन गोठलेले. फरक इतकाच की हस्तलिखितात नव्याने कोणी लिहीत नाही, आणि ह्या फोनांवर रोज लिहिले जाते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १६३३३ ह्या मानकाचा तिसरा भाग, आणि त्यावर आधारलेला २०१६ चा केंद्र सरकारचा आदेश, ह्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात, आणि इंग्रजी व हिंदीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत तरी लिहिता यावे, असा दंडक घातला. हा दंडक फोन विकण्याच्या क्षणाचा आहे. आधी विकलेल्या फोनला त्याने काही दिले नाही.

जुन्या फोनच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ज्या झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले तिच्यात ‘ण’ व ‘ळ’ हे वर्ण नाहीत. ‘ळ’ च्या जागी ‘र’ येतो. कळफलकाच्या शब्दसूचना प्रमाण मराठीवर बेतलेल्या असतात. तरी वर्षानुवर्षे वापरलेला फोन मालकाचे शब्द थोडेफार शिकतो, आणि नवा फोन पुष्कळदा पुन्हा प्रमाण भाषेपासून आरंभ करतो.

आता अंगणवाडीचे प्रकरण पाहू; कारण गाळलेला कर्ता वाक्यात परत आणण्याचे काम महाराष्ट्रात कोणी केले असेल तर ते अंगणवाडी सेविकांनी. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियानाचा प्रारंभ झाला. त्याच्या अंतर्गत बालकांची वजने, उंच्या, आहारवाटप ह्यांच्या नोंदी वहीऐवजी मोबाइलवर करावयाच्या म्हणून सेविकांना शासनाकडून फोन देण्यात आले. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी ह्या सातही तालुक्यांतील अंगणवाड्या ह्याच राज्यव्यापी व्यवस्थेचा भाग होत. मार्च २०२१ मध्ये आधीचे ॲप जाऊन ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. फोन मात्र तेच राहिले. त्यांची स्मृती दोन जीबीची, हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. आणि नवे ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन हे फोन शासनाला परत केले.

हे प्रकरण केवळ कार्यप्रणालीच्या आवृत्तीचे नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. गरम होणे, अडकणे, जागा न पुरणे आणि भाषा न कळणे ह्या तक्रारी एकत्र गुंफलेल्या होत्या. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या आंदोलनाची रीत अर्थपूर्ण आहे. खासगी फोनचा मालक ‘अपडेट येत नाही’ म्हणून गप्प बसतो, कारण फोन परत नेऊन ठेवावयाचा कोणापुढे हे त्याला ठाऊक नसते. सेविकांच्या बाबतीत ॲप मागणारे आणि फोन पुरवणारे दोघेही शासनच होते. ‘ॲप अपडेट मागते’ आणि ‘फोनला अपडेट येत नाही’ ही दोन वाक्ये तेथे एकाच दारात समोरासमोर आली. पुढे पोषण ट्रॅकरमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय झाली. नव्या फोनची मागणी मात्र फेब्रुवारी २०२३ च्या संपातही होती.

ही मागणी एकदा पुरी झाली की संपते, अशी नाही. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपमध्ये जुळवून पाहणे अनिवार्य करण्यात आले. वजनाचा आकडा भरणे आणि चेहरा ओळखणे ह्या दोन कामांना लागणाऱ्या फोनांत महदंतर आहे. फोन तोच राहिला आणि ॲपने मात्र मागणी वाढवली, तर खोळंबते ते गरोदर मातेचे आहाराचे पाकीट. धानउत्पादकांचीही स्थिती ह्याच जातीची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, छायाचित्रासह, पिकाची नोंद मोबाइलवरून करावयाची असते. ती नोंद सातबारावर जाते, आणि आधारभूत किमतीने धान विकताना सातबाराच पाहिला जातो.

अपडेटची मुदत कायद्याने बांधण्याचा ठळक प्रयत्न युरोपीय संघाने केला. २०२३ चा १६७० क्रमांकाचा त्याचा विनियम २० जून २०२५ पासून लागू झाला. एखाद्या नमुन्याची शेवटची प्रत बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे अपडेटे विनामूल्य उपलब्ध ठेवावीत असा त्याचा आशय सांगितला जातो. येथे मुदतीचा आरंभ विक्रीच्या शेवटापासून धरला आहे, आणि उशिरा घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तेच योग्य. परंतु विनियमाच्या कलमात एक संकेतार्थी उपवाक्य आहे : निर्मात्याने अपडेटे दिल्यास ती अशी द्यावीत. ‘दिल्यास’ ह्या एका रूपामुळे, मुळात अपडेट देणे बंधनकारक आहे की नाही, असा वाद तेथे उपस्थित झाला. शासकीय फोनांच्या खरेदीची निविदा मराठीत लिहिणाऱ्याने हे कलम आवर्जून वाचावे. ‘अपडेट येतील’ असे लिहिले तर कर्ता सुटतो, ‘दिल्यास’ लिहिले तर क्रियाच सुटते. ‘पुरवठादाराने अमुक तारखेपर्यंत दर तीन महिन्यांनी सुरक्षा-दुरुस्ती पुरवावी’ ह्या वाक्यात कर्ता, क्रिया आणि काळ तिन्ही आहेत, आणि तारीख उलटल्यावर दाद कोणाकडे मागावयाची हेही त्यावरून कळते.